आटणीतला डॉलर

शाळू हुरड्याला आला की मला अमेरिकेतून पत्र येतं. पत्र म्हणजे फोनवरचा मेल आणि मेलमध्ये लिलावाची यादी. साताऱ्याच्या मंडईत बायका हिरवी कणसं पोत्यावर मांडून बसायला लागतात, अजिंक्यताऱ्याचा माथा नऊ वाजले तरी धुक्यातून वर येत नाही, ओठांना तूप लावल्याशिवाय धड हसता येत नाही, आणि त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियातलं कुणीतरी मला ‘प्रिय संग्राहक’ अशी हाक मारतं. मी संग्राहक नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, साताऱ्यात एकटी राहणारी बाई आहे. पण तो मेल मी पुसून टाकत नाही. चहा घेऊन बसते आणि एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन चांदीची नाणी एकेक करून बघते. काही उजळ, काही काळवंडलेली. काहींच्या कडेला मोरपिसासारखी निळी झाक आलेली. दादा असता तर म्हणाला असता, ‘सुमे, त्यो रंग न्हवं गं, चांदीचं म्हातारपण हाय ते.’

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं, उंच माळावर. पाऊस तिकडे वाट चुकल्यासारखा येतो. त्या माळावरच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा शिकून देशभर पांगली. गलाई. सोनंचांदी आटवायची, तिच्यातला हिणकस काढायचा आणि शुद्ध धातू ओतून द्यायचा. कलकत्ता असो की कोइमतूर, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात एखादी भट्टी असतेच, आणि तिच्यासमोर आमच्याकडचा माणूस बसलेला असतो. वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता आणि मी सात. लांबच्या एका चुलत्यानं त्याला कोचीनला नेलं. मूस, म्हणजे ते धातू वितळवायचं भांडं, चिमट्यात कशी धरायची हे शिकायच्या आधी तो तिथला भात खायला शिकला, असं तो सांगायचा.

चाळीस वर्षांनी तो गावी परत आला तेव्हा त्याच्या बोटांना ठसे राहिले नव्हते. रेशन दुकानातल्या यंत्रावर तो अंगठा ठेवायचा आणि यंत्र त्याला ओळखायचं नाही. धातू शुद्ध करायच्या तेजाबानं बोटांची टोकं गुळगुळीत, पिवळसर झाली होती. त्याच तेजाबाच्या वाफा छातीत साठल्या होत्या. चार पावलं चालला की तो थांबायचा आणि आपण थांबलोय हे कळू नये म्हणून आजूबाजूचं काहीतरी बघत राहायचा. बोरीचं झाड, कुणाचं तरी नवं घर, रस्त्याकडेचा दगड.

नाण्यांचा नाद त्याला गावी आल्यावर लागला असं मला वाटायचं. कोचीनचं दुकान मुलाच्या, विलासच्या हवाली करून तो आला होता. हातात रिकामा वेळ होता आणि फोन होता. कुठल्याशा चित्रफितीत त्याला अमेरिकेतले जुने डॉलर दिसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून, रहिमतपूरवरून, तो माझ्या दारात उभा. दम लागलेला, हातात हुरड्याची पिशवी.

‘सुमे, तुला विंग्रजी येतंय. मला लिलावात बसायचं हाय.’

मी हसले. जन्मभर चांदी आटवणारा माणूस आता चांदी साठवणार, यात मला गंमत वाटली. माझ्या नावानं खातं उघडलं, म्हणून ते ‘प्रिय संग्राहक’. पहिल्या वर्षी त्यानं एक साधा डॉलर घेतला, कपाळावर पट्टी बांधलेल्या बाईच्या मुखड्याचा. मग दोन अर्धे डॉलर. नाणं हातात आलं की तो आधी डोळे मिटायचा. तळहातावर तोलायचा, मग नखानं हलकेच टिचकी मारून कानाशी धरायचा. आवाज विरेपर्यंत बोलायचा नाही. मग एका स्टीलच्या डब्यात, मऊ धोतराच्या चिंधीत गुंडाळून ठेवायचा.

त्याच्यासाठी म्हणून मीही वाचायला लागले. एकदा त्याला सांगितलं की पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेनं आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बरीचशी चांदी इकडे हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. आपल्या पणजोबांच्या कमरेला बांधलेल्या थैलीत जे रुपये होते, त्यात कुणा अमेरिकन माणसाचे डॉलर असतील. मला वाटलं, तो खूश होईल. त्यानं हातातलं नाणं परत चिंधीत गुंडाळलं.

‘म्हंजे तिथंबी कुणीतरी आमच्यावानी भट्टीपाशी बसला असंल,’ तो म्हणाला. ‘एकेक उचलून मुशीत टाकत. त्यात कुणाची काय वस्तू हुती, त्याला काय ठावं.’

तीन वर्षांपूर्वीच्या ज्या हिवाळ्याबद्दल मी हे लिहितेय, त्या हिवाळ्यात तो मार्गशीर्षातच आला आणि संक्रांतीपर्यंत राहिला. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली, माझे यजमानही नाहीत. दोन म्हातारी भावंडं एका घरात. तिकडे कॅलिफोर्नियात संध्याकाळचा लिलाव असायचा तेव्हा इकडे नुकतं उजाडत असायचं. मी उठून बघायची तर दादा आधीच स्वेटर, कानटोपी घालून टेबलाशी बसलेला. मी आल्याचा चहा करायची. खिडकीबाहेर धुकं, खालच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत जाणाऱ्या, त्यांच्यावरची गाणी जवळ येऊन लांब जाणारी. पडद्यावर नाण्यांची चित्रं सरकायची. बोली लावायची असली की मी बटण दाबायची, आणि दादा माझ्या दंडाला बोटानं स्पर्श करून ‘आनखी’ किंवा ‘बास’ सांगायचा. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना त्यानं माझा हात असाच धरला होता.

त्याला एकच नाणं हवं होतं. ट्रेड डॉलर म्हणतात त्याला. अमेरिकेनं तो पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडला. मालाच्या गठ्ठ्यांवर बसलेली एक बाई, मागं गव्हाची पेंढी, पुढं समुद्र, आणि समुद्रावर हात लांब करून ती एक डहाळी धरून आहे. मागच्या बाजूला गरुड, आणि खाली चक्क नाण्याचा कस लिहिलेला, नऊशे, म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी. दादाला त्याचं फार अप्रूप. ‘कस अंगावर लिवून हिंडणारं नाणं म्या दुसरं बघितलं न्हाई,’ तो म्हणायचा. हे डॉलर चीनपर्यंत गेले तेव्हा तिथल्या सराफांनी ते पारखून त्यांवर आपापले छोटे ठसे मारले. एकेका नाण्यावर पाचसहा चिनी अक्षरं उमटलेली असतात, बाईच्या मांडीवर, आभाळात, लाटांवर.

ट्रेड डॉलर लिलावात पुष्कळ यायचे. दादा एकाला हात लावायचा नाही. त्याला ठसे मारलेलाच हवा होता, आणि गरुडाच्या खाली दोन विळे असलेला. दोन विळे म्हणजे इंग्रजी ‘सी’ हे अक्षर दोनदा, कार्सन सिटी नावाच्या गावातल्या टांकसाळीची खूण. तिथली नाणी मुळात थोडी, आणि ठसे मारलेली तर त्याहून थोडी.

‘दादा, ठशांनी खराब झालेलं कशाला? त्यापेक्षा एखादं स्वच्छ घे की.’

‘स्वच्छ नगं मला.’

‘अरे पण का?’

‘नगं म्हनलं नव्हं,’ एवढंच बोलून तो पडद्याकडे बघत राहायचा.

पौषात त्याचा खोकला वाढला. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विलासला फोनवर सांगितलं होतं की आता घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल, आणि कदाचित बराच काळ दवाखान्यात राहावं लागेल. विलासनं मला फोन केला. ‘आत्या, तुमी बाबांना आवरा. त्येंच्या औषधाला जे ठेवलंय, त्येच ते नाण्यावर घालणार. मी सांगितलं तर ऐकत न्हाईत.’ पोराचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हणाले.

आणि त्याच आठवड्यातल्या यादीत ते नाणं आलं.

मला ती सकाळ बारीकसारीक तपशिलांसह आठवते. दादानं त्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घातला होता. पडद्यावर नाणं आलं तेव्हा तो पुढं वाकला. गरुडाच्या खाली दोन विळे. बाईच्या मागं, गव्हाच्या पेंढीपाशी, तीन चिनी ठसे, आणि लाटांवर एक चौथा, अर्धवट उमटलेला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवावी तसा. बोली सुरू झाली. दंडावर बोट टेकलं. ‘आनखी.’ मी बटण दाबलं. पुन्हा बोट. ‘आनखी.’ पलीकडे एकच कुणीतरी आमच्यासमोर उरला होता, जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेला कोण जाणे. आकडा मी मनाशी ठरवलेल्या रेघेच्या पुढं गेला.

‘आनखी,’ दादा म्हणाला.

मी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं मिरजेचा वॉर्ड होता, नाकात नळी घातलेला दादा होता.

‘दादा, हे चालेना,’ मी म्हणाले. ‘नेट गेलं वाटतं.’

पडद्यावरची पट्टी संपली, नाणं विकलं गेल्याची अक्षरं आली. दादानं खुर्चीच्या पाठीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं होतं तो चिडेल. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती.

‘ऱ्हाऊ दे सुमे,’ तो म्हणाला. ‘चा गार झाला बघ तुझा.’

भोगीच्या दिवशी मी परातीत वाटाणे सोलत बसले होते. बाजरीच्या भाकरी, तीळ लावलेल्या, झाकून ठेवल्या होत्या. दादा उन्हात खुर्ची टाकून बसला होता. एकाएकी त्यानं विचारलं, ‘सुमे, तुझी लग्नातली जोडवी हायत का गं?’

आमच्या घरची रीत अशी की नवरीच्या पायात जोडवी मामानं घालायची, आणि मामा नसला तर भावानं. मला दादानंच घातली होती. चांगली जाडजूड, भरीव. चौतीस वर्षं ती माझ्या पायांत होती. यजमान गेले त्या दिवशी काढली, ती कपाटात एका पुडीत होती.

‘आहेत की. का रे?’

मग त्यानं मला ते सांगितलं. ऊन त्याच्या गुडघ्यांवर होतं, आणि बोलताना मधेमधे तो दमासाठी थांबत होता.

‘मी कामाला हुतो त्या दुकानी एक म्हातारी यायची. मासे सुकवायच्या वखारीत कामाला हुती. आमी सगळे तिला अम्मा म्हनायचो. तिच्या सासऱ्यानं गलबतावर काम करताना आणलेले सात डॉलर तिच्यापाशी हुते, असलेच, चिनी ठशाचे. नवऱ्याच्या दुखण्यापायी ती एक दिवस ते घिऊन आली. सहा दिले. सातवा माझ्या हातात ठिवला. म्हनली, पोरा, ह्यो इकायचा न्हाई. आमच्या घरात पोर जल्मलं की ह्यो दुधात बुडवून पयलं दूध पाजत्यात. घरी ठिवला तर ह्योबी औषधात जाईल. तुझ्याकडं ठेव, आठ दिसांनी नेते.’

‘मग?’

‘मग तुझ्या लग्नाचं पत्र आलं आईचं. तारीख धरली म्हणून. पगाराची उचल आधीच मांडवाला धाडलेली. जोडव्याला चांदी न्हवती. चांदीच्या राशीवर बसलोवतो मी, सुमे, आणि त्यातली गुंजभर माझी न्हवती.’

मला पुढचं कळलं होतं. तरी मी वाटाणे सोलत राहिले, कारण हात थांबले असते तर काय करावं हे मला कळलं नसतं.

‘आठव्या दिवशी अम्मा आली. म्या सांगितलं, चुकून बाकीच्याबरुबर आटलं. तिला पटंना. दाखव म्हनली. म्या दुसऱ्याच कुणाची तरी चांदीची वीट हुती ती दाखवली. तिनं तिच्यावर हात ठिवला. असा, सगळा तळवा. आनि म्हनली, चूक सगळ्यांकडनं हुतीया. मलाच समजावून गेली ती.’ तो थांबला. ‘आटलं न्हवतं गं. ती आली तवा ते माझ्या पेटीत हुतं. ती गेल्यावर दोन दिस पेटीतच हुतं. दोन दिसांत मला कवाबी उठून तिच्या घरी जाता आलं असतं. न्हाई गेलो.’

त्यानंतर पंचवीसहून जास्त वर्षं तो त्याच गावात होता. अम्मा वारली. तिची मुलगी त्याच घरात राहते, तो तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा. एवढंच त्यानं केलं की विलासला ते घर दाखवून ठेवलं. आता जायच्या आधी, तसलंच एक नाणं, त्याच खुणेचं, त्या मुलीच्या हातात द्यायचं त्याच्या मनात होतं. म्हणून विंग्रजी, म्हणून लिलाव. आधी घेतलेली साधी नाणी म्हणजे नुसती सवय होती, हात बसावा म्हणून.

जेवणं झाल्यावर मी कपाटातून ती पुडी काढली. खालच्या बाजूनं जोडवी इतकी झिजली होती की कड कागदासारखी झाली होती. चौतीस वर्षांत त्या डॉलरचा केवढा तरी भाग शाळेच्या पायऱ्यांवर, स्वयंपाकघराच्या फरशीवर, हॉस्पिटलच्या जिन्यांवर कणाकणानं सांडला होता. मी ती दादापुढं धरली. त्यानं हात मागं घेतला. ‘ती तुझी हायत,’ तो म्हणाला. ‘तू काय केलं न्हाईस.’

मी काय केलं होतं, ते मी त्याला त्या दिवशी सांगू शकले नाही. संक्रांतीनंतर तो गावी गेला. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून त्यानं हात हलवला तेव्हाही ते माझ्या जिभेवर होतं.

फाल्गुनात त्याला मिरजेला दाखल केलं. मी जाऊन राहिले. रस्त्यात सगळीकडे द्राक्षांचे गाडे होते, हवेत आंबूस गोड वास. रिक्षानं दवाखान्यात जाताना एका तंबोऱ्याच्या दुकानापाशी त्यानं रिक्षा थांबवायला लावली. आत कुणीतरी तार लावत होतं. नाणं कानाशी धरायचा तसा तो मान कलती करून ऐकत राहिला. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं घाई केली नाही.

वॉर्डात त्याचा पलंग खिडकीशी होता. एका दुपारी, नर्स तापमान बघून गेल्यावर, मी खुर्ची जवळ ओढली.

‘दादा, त्या दिवशी नेट गेलं नव्हतं. मी बटण दाबलंच नाही.’

नाकातली नळी सांभाळत त्यानं मान माझ्याकडे वळवली. ‘ठावं हाय.’

‘कसं?’

‘नेटच्या डबीवरचा हिरवा दिवा चालू हुता की.’

‘मग तेव्हाच का नाही बोललास?’

‘काय बोलू? तुझ्या तोंडाकडं बघितलं. अम्माला आटलं म्हणून सांगताना माझं त्वांड असंच झालं असंल.’ तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. ‘आपल्या मानसासाठी केलं म्हंजे खोटं हलकं हुतंय, असं मला वाटायचं. न्हाई हुत. पर तू मनात धरू नगंस. एकानं धरलं तेवढं बास.’

मी त्याचा हात धरला. गुळगुळीत बोटं, गार. कुठल्याही यंत्रानं न ओळखलेली. मी म्हणाले, ‘मी आणीन ते नाणं.’ तो गाड्यावरची द्राक्षं खायची आहेत म्हणाला. मी खाली जाऊन घेऊन आले, धुतली, त्यानं दोन खाल्ली.

पाडव्याच्या आधीच तो गेला.

माणूस गेल्यावर ऋतू मात्र वेळेवर येत राहतात. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मी एकटी पहाटे उठून टेबलाशी बसले. दोन कप चहा करायची सवय मोडायला पहिला हिवाळा गेला. ठशांचे ट्रेड डॉलर आले, पण दोन विळ्यांचा एकही आला नाही. कधी वाटायचं, सोडून द्यावं. कुणी मला विचारणारं नव्हतं. विलासला यातलं काही माहीत नव्हतं, दादानं पोराला कधी सांगितलं नाही आणि मलाही सांगता येईना. पण यादी आली की मी बसायची. दादाचा स्वेटर अंगात घालायची, कारण तो माझ्या स्वेटरपेक्षा उबदार आहे. दुसरं काही कारण आहे असं मी स्वतःला सांगत नसे.

या वर्षी शाळू हुरड्याला आला, आणि यादीत ते आलं. ठसे पाच, जरा वेड्यावाकड्या जागी, एक तर बाईच्या खांद्यावरच. गरुडाच्या खाली दोन विळे. लिलावाच्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. दंडावर बोट टेकवायला कुणी नव्हतं. मीच मनात ‘आनखी’ म्हणत होते आणि बटण दाबत होते. पलीकडचा थांबला. पडद्यावर माझं नाव आलं. मी उठून खिडकी उघडली आणि थंडगार हवेत तशीच उभी राहिले. आनंद झाला असं म्हणवत नाही. फार उशिरा मिळालेल्या गोष्टीला आनंद चिकटत नाही.

पार्सल यायला महिना लागला. नाणं हातात घेऊन मी दादासारखे डोळे मिटले. वजन होतं, गारवा होता. टिचकी मारली, पण ऐकायचं काय ते मला कळत नाही. ठशांवरून बोट फिरवलं. ते अम्माचं नाही, हे मला माहीत होतं. अम्माचं माझ्या पायांत झिजून गेलं.

गावच्या जत्रेला विलास आला होता, जाताना साताऱ्याला थांबला. त्याच्या हाती मी नाणं दिलं. ‘तुझ्या बाबांनी दाखवलेल्या घरी त्या बाईंना नेऊन दे,’ म्हणाले. तो काही विचारायच्या बेतात होता, पण गाडीची वेळ झाली होती.

चार दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. मागं कोंबड्यांचे आवाज येत होते आणि कुठेतरी रेडिओ लागलेला होता.

‘आत्या, मी त्येंच्या घरीच हाय. त्या म्हणत्यात, असलं नाणं त्येंच्याकडं हुतं. आईनं गलाईच्या दुकानात ठेवलं आणि ते चुकून आटलं. त्येंची आई मरेपर्यंत सांगायची म्हणे, मराठी पोरगा लय सरळ हुता, काय लपवलं न्हाई, तोंडावर सांगून टाकलं.’ विलासच्या आवाजात बापाबद्दलचा अभिमान होता. ‘आता त्या इचारत्यात, चूक तर तवाच माफ झालीया, मग हे कशाबद्दल? काय सांगू?’

ओट्यावर दूध तापत होतं. मी गॅस बंद केला. आठवण म्हणून दे, असं म्हणता आलं असतं. दादाचं नाव त्या घरात स्वच्छ होतं, विलासच्या मनात स्वच्छ होतं. एक खोटं अम्माला सांगितलेलं, एक दादाला सांगितलेलं, आता तिसरंही तोंडात तयार होतं. आणि तेही आपल्या माणसासाठीच होतं.

‘विलास, नीट ऐक,’ मी म्हणाले. ‘ते चुकून आटलं नव्हतं. त्यांची आई मागायला आली तेव्हा ते तुझ्या बाबांच्या पेटीत होतं. माझ्या लग्नातल्या जोडव्यांना चांदी नव्हती, म्हणून नंतर आटवलं. हे जन्मभर त्यांच्या छातीत होतं. आता हे त्या बाईंना सांग.’

कोंबड्या ओरडत राहिल्या. मला वाटलं त्यानं फोन खाली ठेवून दिला. मग तो मल्याळममध्ये बोलायला लागला, सावकाश, एकेक वाक्य थांबून. मला त्यातला एकच शब्द कळला, अच्छन, म्हणजे बाप. दोनतीनदा तो त्या शब्दापाशी अडला. मग तोही थांबला आणि कुणी रेडिओ बंद केला.

बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. तिनं काहीतरी विचारलं.

‘आत्या,’ विलास म्हणाला. ‘त्या इचारत्यात, त्या बहिणीचं लग्न नीट झालं का?’

‘झालं म्हणावं,’ मी म्हणाले. ‘चांगला संसार झाला, तेही सांग.’

विलासनं सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या, थोडंसंच. ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.